वानगीची बाटली

"जोमाकाका, तिथून नको! तिथून कुठे भरताय?"

मी बांधावरून ओरडले तेव्हा जोमा गावंड तळ्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात मांडीभर पाण्यात उभे होते आणि दुधावरची साय गोळा करावी तसं हाताने शेवाळ बाटलीच्या तोंडात लोटत होते. सकाळचे सहा-सव्वासहा झाले असतील. त्यांनी मान वर केली, भरलेली बाटली उन्हात धरली आणि ती मला अशी दाखवली की जणू त्यांच्या घरात बारसं होतं.

"बग, बाय. कशी दाट हाय."

"पण तिथूनच का भरताय?"

"तिथूनच म्हंजे? रोज भरतो तिथूनच."

"रोज?"

"मंग? सकालचा मतलई वारा सगला शेवाल या कोपऱ्याला आनून ठेवतो. मधी काय हाय? नुसता पानी." ते बांधाशी आले आणि बाटली माझ्या हातात दिली. "मीठ बगायला पावना आला तर त्याला आमी वानगी कुठली देतान? तलातली, चिखलाची? चांगल्या राशीवरचीच देतान ना. तुमी तर पुन्याहून आलेली मानसा. तुमाला पातल पानी कसा दिऊ?"

ते हसले. मीही हसले असेन, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

ही २००९च्या मे महिन्यातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते, रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, आणि पुण्याच्या एका संस्थेने मला या खाडीकाठच्या खारदेवळी गावात शेवाळ जोखायला ठेवलं होतं. लोक हसायचे. खुद्द माझी आई शेजारणींना "ती सरकारी कामात आहे" एवढंच सांगायची. शेवाळाचं नाव काढायची नाही. पण त्या एक-दोन वर्षांत तेलाच्या भावाने सगळ्यांचे डोळे पांढरे केले होते आणि शेवाळातून डिझेल निघतं हे कळल्यावर मोठमोठी माणसं त्याच्या मागे लागली होती. शेवाळाला सुपीक जमीन लागत नाही, गोडं पाणी लागत नाही. ऊन आणि खारं पाणी मिळालं की ते वाढतं आणि अंगात तेल साठवतं. मिठागराच्या गावात या दोन्ही गोष्टींना तोटा नव्हता.

आमचं तळं दहा गुंठ्यांचं. पाणी घुसळायला त्यात विजेवर फिरणारं एक चाक होतं. बाजूला पत्र्याची शेड, तीच माझी प्रयोगशाळा. रोज सकाळी तळ्यातलं एक लिटर पाणी घ्यायचं, गाळायचं, गाळ वाळवायचा आणि त्याचं वजन करायचं. त्या वजनावरून तळ्यात एकूण किती शेवाळ आहे आणि त्यातून किती तेल निघेल याचा हिशेब पुण्याला जायचा. आमचे प्रमुख डॉ. कर्णिक मला नेमताना म्हणाले होते, "कुलथे, तुम्ही सोनाराची मुलगी. वजनात चुकायच्या नाहीत." वजनात मी कधी चुकलेही नाही. काट्यावर माझा हात वडिलांसारखाच होता.

चुकलं ते काट्याच्या आधी. नमुना कसा घ्यायचा हे मला नीट शिकवलं होतं. चाक निदान तासभर फिरल्यानंतर, चार वेगवेगळ्या जागी, पाण्याच्या मधल्या थरातून. पहिला आठवडा मी तसा घेतलाही. पण तळ्याचा तळ इतका बुळबुळीत की मी दोनदा साफ आडवी झाले, आणि दुसऱ्यांदा पडले तेव्हा बांधावरून मिठागरांवरची सगळी माणसं मला बघत होती. जोमाकाका तळ्याचे राखणदार. साठीच्या पुढचे, काळेभोर, सगळ्या गावात मिठाचा सर्वांत जाणता माणूस. ते म्हणाले, "दे, मी भरतो. तू कश्याला कापरं घान करतेस?" आणि मी बाटली त्यांच्याकडे दिली ती दिलीच. त्यानंतर रोज सकाळी माझ्या टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली तयार असायची. तक्त्यात "नमुना घेणारा" असा एक रकाना होता. त्यात मी रोज माझी सही करायची. सहा महिने केली.

सकाळी चार ते आठ गावात वीज नसायची, म्हणजे चाक बंद. शेवाळ वर यायचं, वाऱ्याने एका कोपऱ्यात जमायचं, आणि जोमाकाका त्यातलं सगळ्यांत चांगलं मला आणून द्यायचे.

त्या गुरुवारी मी लवकर गेले ती केवळ रविवारच्या गावसभेमुळे. कागद नीट लावायचे होते. आठला वीज आली, चाक सुरू झालं. तासाभराने मी जोमाकाकांना चार बाटल्या दिल्या आणि तळ्याच्या चार जागांहून, मधूनच, भरून आणायला सांगितल्या.

"ह्या पातल यतील," ते म्हणाले.

"येऊ देत."

"माजा काय चुकला का?"

"नाही, काका. वेगळं काम आहे."

संध्याकाळी वजन केलं. तक्त्यात सहा महिने दोन ग्रॅमच्या वरखाली आकडे होते. त्या दिवशी जेमतेम अर्धा ग्रॅम आला. मी काटा पुसला, पुन्हा वजन केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार बाटल्या आणायला लावल्या. तेवढंच. पुण्यात सगळे ज्या आकड्याचं कौतुक करत होते तो आकडा चौपट फुगलेला होता. अर्ध्या ग्रॅममध्ये तळ्याचं चाक फिरवायला लागणारी वीजसुद्धा भरून निघत नव्हती. महिन्याच्या काढणीत तेल कमी भरायचं तेव्हा आम्ही म्हणायचो, शेवाळ गाळायच्या कापडातून निसटत असेल. आम्ही चार वेळा कापड बदललं होतं!

आणि त्याच आकड्यावर रविवारी गाव आपली मिठागरं प्रकल्पाला देणार होतं.

अकरा घरांचे मिळून मिठाचे बेचाळीस वाफे होते. त्यांच्या जागी खोल तळी खणायची, गावातल्या सगळ्या होड्यांना तिथलंच डिझेल, आणि घरटी एकाला तळ्यावर काम. प्रजासत्ताक दिनाला डॉक्टरांनी शेवाळाच्या तेलावर एक छोटं इंजिन चालवून दाखवलं होतं. त्याच्या धुराला तळणीचा वास आला तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, "इंजिन भजी तलतंय गो!" पण इंजिन चाललं होतं. ते बघून अर्धं गाव तयार झालं. उरलेलं अर्धं जोमाकाकांकडे बघत होतं, कारण सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत चांगलं मीठ देणारे तीन वाफे त्यांचे होते.

शुक्रवारी संध्याकाळी डॉ. कर्णिक पुण्याहून जीपने आले. मी त्यांना शेडमध्ये बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग दोन्ही दिवसांचे आकडे स्वतः तपासले.

"अर्धा," ते म्हणाले. "अर्धा म्हणजे जगात सगळीकडे येतो तेवढाच. मला कळायला हवं होतं. आपल्या खाडीच्या पाण्यात काहीतरी खास आहे असं मी लोकांना सांगत फिरत होतो."

"सर, सभा पुढे ढकलू या."

"पुढे म्हणजे कधी? पंधरा-वीस दिवसांत पाऊस लागेल. मग खोदाई चार महिने नाही. तोवर संस्था हा प्रकल्प गुंडाळून टाकेल." ते उठून दाराशी गेले. "दुसरी जात आणता येईल. जास्त दाट वाढणारी. दोन वर्षांत एक ग्रॅम, दीड ग्रॅम, अशक्य नाही. मी खोटं बोलत नाहीये, कुलथे. मला खरंच तसं वाटतं."

"पण लोकांना आपण दोन सांगितलेत."

टेबलावरचा तक्त्यांचा गठ्ठा त्यांनी ओढला, आणि एकेक पान उलटत गेले. "नमुना घेणारा" या रकान्यावर त्यांचं बोट खाली खाली सरकत होतं. माझी सही, माझी सही, माझी सही.

"हे बाहेर आलं तर पहिलं नाव तुमचं येईल," ते अगदी हळू म्हणाले. "दुसरं त्या म्हाताऱ्याचं. धमकी देत नाही. जे होईल ते सांगतो."

मला रडू आलं. त्यांनी मला पाणी दिलं. ते दुष्ट माणूस नव्हते. असते तर मला फार सोपं गेलं असतं. शेवटी ते म्हणाले, "रविवारपर्यंत विचार करू." आणि मी मान हलवली. विचार करायला दोन दिवस मिळाले याचंच मला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी जोमाकाकांनी जेवायला बोलावलं. त्यांची बायको कानूबाय तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढत होती. मला घास गिळवेना. कानूबाय म्हणाली, "तिखाट झाला काय?" मी हो म्हटलं. जोमाकाकांनी जेवण उरकलं, हात धुतला आणि समोर येऊन बसले.

"बाय, एक इचारतो. मीठ पिकवायची जमीन कशी होते, ठावं हाय तुना?"

"तुडवून ना?"

"पायांनी. दर साली, मीठ धरायच्या आधी, घरची सगली मानसा रांगेत नाचल्यावानी तुरवतान. चपला घालून कोन आत जात नाय. माज्या आज्यानं तुरवली, त्याच्या बापानं तुरवली. तवा तल असा घट्ट होतो, त्याच्यावं पांढरा मीठ बसतो. मशीन लागला की गेला. परत नाय व्हायचा. सरपंच घरत बोलतो, दे. डॉक्टर बी बोलतो, दे. पोरगा होरी घेऊन जातो, त्याचा डिझेल निस्ता आगीवानी हाय, तो बी बोलतो, दे. समदी माज्या तोंडाकडं बगतान. आनी मी तुना इचारतो. तू त्याला रोज जोखतेस. तू खरा काय ता सांग. दिऊ?"

कानूबाय भाकरी हातात धरून उभी राहिली होती. बाहेर कोंबडं ओरडत होतं. मला आठवतं की मी त्या वेळी सहीचा रकाना बघत होते. डोळ्यांसमोर दुसरं काही येतच नव्हतं. शिवाय डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षांत दीड ग्रॅम. अशक्य नाही म्हणाले होते.

"आनी त्या चार-चार बाटल्या कश्याला भरल्या?" त्यांनी विचारलं.

"ते वेगळं काम होतं, काका."

"मंग दिऊ?"

"द्या," मी म्हटलं.

इतकी वर्षं झाली. मी त्या शब्दाला किती कारणं जोडून पाहिली आहेत! वय लहान होतं, घाबरले होते, वरिष्ठ म्हणाले होते. सगळी खरी आहेत. पण त्यांनी मला खरं विचारलं होतं आणि मला खरं माहीत होतं. त्या दोन गोष्टींच्या मध्ये एकही कारण बसत नाही.

रविवारची सभा देवळासमोर झाली. डॉ. कर्णिक बोलले, पण त्यांनी आकडा सांगितला नाही. शेवाळ, ऊन, उद्याचं जग यावरच ते बोलत राहिले. आकडा सांगितला सरपंच घरतांनी, मोठ्या आवाजात, आणि तेव्हा डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. आम्हा दोघांपैकी कोणीतरी उठेल असं आम्हा दोघांनाही वाटत होतं, असं मला आजही वाटतं. मग जोमाकाका उठले. त्यांनी कागदावर पहिली सही केली. जोमा हाशा गावंड. शाळा दुसरीपर्यंतच, त्यामुळे सहीला वेळ लागला. त्यांच्यामागे बाकीच्या दहा घरांनी पटापट केल्या.

सोमवारी सकाळी पोकलेन आलं. पावसाच्या आत काम उरकायचं म्हणून एक दिवसही मध्ये सोडला नव्हता. जोमाकाकांचे वाफे तळ्याला लागून, आणि पहिली सही त्यांची, म्हणून सुरुवात तिथूनच. सरपंचांनी यंत्रापुढे नारळ फोडला. बांधावर पन्नासेक माणसं जमली होती. जोमाकाका सवयीने चपला काढून उभे राहिले आणि ते अजस्र धूड आपल्या लोखंडी पट्ट्यांवरून खडखडत त्यांच्या वाफ्यात उतरलं.

पहिला वाफा दहा मिनिटांत गेला. दुसरा त्याहून लवकर. मी शेडच्या दारात हात बांधून उभी होते. दगड झाले होते म्हटलं तरी चालेल. तिसऱ्यात बकेट घुसली आणि बाहेर आली तेव्हा जोमाकाका पुढे झाले. खणलेल्या कडेशी उकिडवे बसले आणि मला बोटाने बोलावलं. मी धावतच गेले.

"ह्या बग," ते म्हणाले. कडेला वर राखाडी, फरशीसारखा घट्ट थर होता आणि त्याखाली काळा, भुसभुशीत चिखल, त्यातून पाणी झिरपत होतं. त्यांनी त्या वरच्या थराला दोन बोटं आडवी लावली. थर बोटांपेक्षा जाड नव्हता. "मना वाटायचा, लय खोल असंल. चार पिढ्या तुरवला. येवराच निंगाला."

ते हे मला फक्त दाखवत होते. त्यांच्या आवाजात तक्रारही नव्हती, आश्चर्य होतं. मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. मी चिखलात उतरले आणि यंत्रापुढे जाऊन दोन्ही हात वर केले. ड्रायव्हरला वाटलं साप निघाला. त्याने इंजिन बंद केलं आणि एकदम सगळीकडे शांत झालं.

"थांबवा," मी ओरडले. "आकडा चुकीचा आहे. सरपंचसाहेब, आकडा खोटा आहे!"

मग मी सगळं सांगितलं. म्हणजे, सगळं सांगते आहे असं मला वाटलं. दोन नाही, अर्धा ग्रॅम. तेल सांगितलं त्याचा चौथा हिस्सा. होड्या चालणार नाहीत. बाटली चुकीच्या कोपऱ्यातून भरली जात होती, आणि ती भरण्याची जबाबदारी माझी होती, सही माझी आहे, चूक माझी आहे. जोमाकाकांचं नाव मी घेतलं नाही. त्याचा मला तेव्हाही अभिमान वाटला, हे लिहायला हवं.

सरपंच घरत बांधावरून खाली आले. चेहरा लालबुंद. "आनी ह्या तुना कवा कलला?"

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. डॉ. कर्णिक शेडच्या दारात उभे होते. जोमाकाका कडेला उकिडवेच बसलेले होते, माझ्यापासून चार हातांवर.

"आज सकाळी," मी म्हटलं. "आत्ताच वजन केलं. कळलं तशी धावत आले."

लोकांत गलबला झाला. कोणीतरी म्हणालं, पोर खरी निंगाली. कोणी डॉक्टरांना शिव्या घातल्या. सरपंचांनी ड्रायव्हरला यंत्र बाहेर काढायला सांगितलं. डॉ. कर्णिक वळून शेडमध्ये निघून गेले. जोमाकाकांनी माझ्याकडे पाहिलं. गुरुवारी ओरडले होते ती मीच, गुरुवारी आणि शुक्रवारी चार-चार बाटल्या मागितल्या ती मीच, आणि शनिवारी त्यांच्या घरात भाकरी समोर घेऊन "द्या" म्हणाले तीही मीच. हे सगळं त्यांना माहीत होतं, आणि तिथे त्यांच्याशिवाय गावातल्या कोणालाच माहीत नव्हतं. ते उठले. बांधावरच्या आपल्या चपला त्यांनी हातात घेतल्या.

गर्दी पांगल्यावर मी त्यांच्या मागे गेले. ते पहिल्या वाफ्याच्या जागी, म्हणजे आता खड्ड्याच्या काठी, उभे होते.

"काका," मी म्हटलं.

"मीठ बगायला मानूस येतो ना," ते म्हणाले, "त्याला आमी चांगलीच वानगी दावतो. त्याला बी ह्या ठावं असता. तो मनात थोरा कमी धरतो. सगला धंदा तसाच चालतो. मना वाटायचा, माज्या बाटलीतला तू बी कमी धरत असशील. शिकलेली हायस."

"नाही, काका. मी नव्हते धरत."

"डॉक्टर बोलला ता मी कमी धरला. घरतचा तर अर्धाच धरला." त्यांनी खड्ड्यातल्या पाण्याकडे बोट केलं आणि हात तसाच खाली सोडला. "तुजा जसाचा तसा धरला."

नंतरचं थोडक्यात सांगते. प्रकल्प त्याच महिन्यात बंद झाला. डॉ. कर्णिकांनी अहवाल लिहिला आणि त्यात चुकीची सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. माझं नाव कुठेही नव्हतं. लिहिताना त्यांनी मला फोन केला होता. "कुलथे, चूक लक्षात आल्याची तारीख काय घालू?" मी म्हटलं, सोमवार. मग ते म्हणाले, "बरं." आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बेचाळीसपैकी एकोणचाळीस वाफे वाचले. जोमाकाकांनी आपले तीन बुजवून, दोन वर्षं घरच्यांना घेऊन तुडवून पाहिले. मीठ आलं, पण काळपट. मासळी वाळवणाऱ्यांशिवाय ते कोणी नेईना. मग ते दुसऱ्यांच्या वाफ्यांवर रोजाने जाऊ लागले असं मला कळलं. मी सध्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शेवाळापासून इंधन कुठे ना कुठे निघतं आहे, पुढेही निघेल. त्याच्यावर माझा राग नाही. त्या बिचाऱ्याने काही खोटं सांगितलं नव्हतं.

सत्काराचं सांगायचं राहिलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी गाव सोडायच्या आदल्या दिवशी, पंचायतीने मला बोलावून घेतलं. मला वाटलं शेडच्या किल्ल्या द्यायच्या असतील. बघते तर सतरंज्या अंथरलेल्या, टेबलावर हार, आणि सगळं गाव बसलेलं. सरपंच घरत उभे राहिले. म्हणाले, "मोठेमोठे सायेब गप बसले, पन या पोरीनं स्वताच्या नोकरीवर पानी सोरला आनी आपली मिठागरा वाचवली. कललं त्या घटकेला धावत आली. खरा बोलायला छाती लागते." लोकांनी माना डोलावल्या. बायकांनी डोळे पुसले. मग सरपंच म्हणाले, शाल गावातल्या सगळ्यांत जुन्या मिठागरवाल्याच्या हातून द्यायची, आणि त्यांनी जोमाकाकांचं नाव पुकारलं.

ते मागच्या रांगेतून उठून आले. त्यांनी पांढरा सदरा घातला होता. शालीची घडी त्यांना पटकन उलगडेना, तेव्हा कानूबायने पुढे होऊन एक टोक धरलं. त्यांनी ती माझ्या खांद्यावर घातली, नीट केली, नारळ माझ्या ओंजळीत ठेवला. इतक्या जवळून मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांत राग असता तर मी तिथेच, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले आहे. पण त्यांनी नुसतं पाहिलं आणि ते जागेवर जाऊन बसले. सोमवारचं खोटं दुरुस्त करायची मला अजून एक संधी आली होती, आणि ती त्यांनी कोणाला न कळू देता माझ्यापुढे ठेवली होती.

"दोन शब्द बोला, म्याडम," सरपंच म्हणाले.

मी उभी राहिले. शालीत भयंकर उकडत होतं. मी म्हटलं की या गावाने मला खूप प्रेम दिलं, मी फक्त माझं कर्तव्य केलं, आणि मी तुम्हाला कधीच विसरणार नाही. मग मी खाली बसले.

टाळ्या वाजल्या. जोमाकाकांनीही वाजवल्या.